मार्टी (१९५५)

मार्टी : अमेरिकन कृष्णधवल सिनेमा, १९५५ चा. दिग्दर्शक डेल्बर्ट मान, लेखक पॅडी चायेफ्स्की, कलाकार अर्नेस्ट बोर्गनाइन आणि बेट्सी ब्लेअर. लांबी जेमतेम दीड तास, बेस्ट पिक्चरचं ऑस्कर मिळालेल्या सिनेमांत सगळ्यात छोटा हाच. लग्न राहून गेलेल्या, एकट्या पडलेल्या माणसावरचा एखादा जुना रोमँटिक सिनेमा सांगा असं कुणीही विचारलं तरी मी हेच नाव सांगतो. ठाण्या-नवी मुंबईतल्या माणसाला तर आधी हाच सांगतो, कारण यातली आई, मावशी, कट्ट्यावरचे मित्र सगळे आपल्या ओळखीचे निघतात.

कथा न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली. मार्टी ३४ वर्षांचा, इटालियन घरातला, खाटकाच्या दुकानात कामाला, आईबरोबर राहणारा, धाकट्या भावाचंही लग्न झालंय आणि दुकानात आलेल्या बायका मांस घेता घेता तुझं कधी, लाज वाटत नाही का, असं तोंडावर विचारतात.

उगमाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. हा मुळात सिनेमा नव्हे, टीव्हीवरचं नाटक. २४ मे १९५३ ला एनबीसीवर फिल्को-गुडइयर टेलिव्हिजन प्लेहाउस या मालिकेत ते थेट प्रक्षेपित झालं, तेव्हा मार्टी होता रॉड स्टायगर आणि नायिका क्लारा होती नॅन्सी मारशँड, दिग्दर्शक मात्र हेच मान. तेव्हा व्हिडिओ टेप नव्हती, मॉनिटरसमोर कॅमेरा लावून फिल्म उतरवून घ्यायचे, त्याला किनेस्कोप म्हणतात, आणि त्यामुळेच तो प्रयोग आज बघायला मिळतो. कल्पना कुठून आली याबद्दल चायेफ्स्कींची स्वतःची आठवण अशी सांगितली जाते की एका हॉटेलच्या बॉलरूममध्ये दुसऱ्याच नाटकाची तालीम चालू होती, तिथे एकट्या मंडळींच्या नाचाच्या कार्यक्रमाची पाटी होती, मुलींनो जो विचारेल त्याच्याबरोबर नाचा, पुरुषांनाही मन असतं अशा अर्थाची. त्यांच्या डोक्यात आधी तिथे येणाऱ्या बाईची गोष्ट होती आणि मग ती पुरुषाची झाली असंही म्हणतात. लेखकाच्या आठवणीला नंतर थोडी झिलई चढते हे धरूनही मला ही हकीकत पटते, कारण क्लारा लिहिलीय इतक्या आतून की ती त्या पहिल्या विचारातून उरलेली वाटते.

वाद आहे तो पैशाचा. हेक्ट-लँकेस्टर या निर्मात्या कंपनीने हा सिनेमा टॅक्स वाचवायला, म्हणजे मुद्दाम तोटा दाखवायला काढला आणि शूटिंग अर्ध्यावर थांबवलं, अशी गोष्ट खूप फिरते, बोर्गनाइन स्वतः म्हातारपणी रंगवून सांगायचे. सेटवर असलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर ती उडवून लावता येत नाही, पण निर्मितीचा खर्च साधारण साडेतीन लाख डॉलर आणि प्रसिद्धीवर त्याहून जास्त घातले असंही तेवढंच सांगितलं जातं. बुडवायच्या मालाची एवढी जाहिरात कोण करेल? त्यामुळे छोट्या बजेटचा धोका पत्करला आणि तो फळला, हे साधं स्पष्टीकरण मला जास्त जवळचं वाटतं.

बोर्गनाइन तोवर खलनायक म्हणूनच माहीत होते, त्यामुळे या मऊ माणसाच्या भूमिकेसाठी त्यांची निवड तेव्हा धाडसाचीच होती. बेट्सी ब्लेअरचं नाव डाव्या विचारांमुळे काळ्या यादीत होतं, तिचा नवरा, प्रसिद्ध नट जीन केली याने स्टुडिओवर दबाव आणला तेव्हा कुठे काम मिळालं. आई, मावशी आणि मित्र अँजी हे तिघे कलाकार मात्र टीव्हीवालेच.

आता मूळ मुद्दा. हा सिनेमा मुलगी मिळत नाही याबद्दलचा आहे असं सगळीकडे लिहितात आणि ते अर्धंच खरं आहे. डान्स हॉलमध्ये एक जण आपल्याबरोबर आलेल्या मुलीला टाळायला मार्टीला पाच डॉलर देऊ करतो, हिला घरी सोड म्हणून, मार्टीला ते सहन होत नाही, तो नाही म्हणतो, मग ती बाहेर जाऊन रडत असते तेव्हा स्वतःच जाऊन नाचायला विचारतो. ती क्लारा, २९ वर्षांची शिक्षिका. आणि ती आवडल्यावर खरी गोष्ट सुरू होते, कारण काल लग्न कर म्हणून मागे लागलेली आई आज नाक मुरडते, आपल्यातली नाही, वयस्कर दिसते. आईची भीतीही खोटी नाही, तिची विधवा बहीण कॅथरिन सुनेशी न पटल्यामुळे याच घरात राहायला येतेय आणि उद्या आपलीही हीच गत होणार हे तिला समोर दिसतंय. वन बीएचकेत तिघं-चौघं राहणाऱ्या कळवा-ऐरोलीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मित्रांचंही तेच. आज काय करायचं, माहीत नाही, तुला काय करायचंय, हा त्यांचा दर शनिवारचा संवाद तलावपाळीच्या कट्ट्यावर आजही तसाच चालतो, आणि चौकडीतला एक उठून जाणार म्हटल्यावर उरलेल्यांना मुलगी दिसायला बरी नाही हे अचानक दिसायला लागतं.

एक सीन नीट बघा. मार्टी टेलिफोन बूथमध्ये बसून महिन्याभरापूर्वी थिएटरात भेटलेल्या एका मुलीला फोन लावतो, ओळख द्यायला धडपडतो. तिकडचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, कॅमेरा हळूहळू चेहऱ्याजवळ येत जातो, आणि नकार आपल्याला कळतो तो त्याच्या मिटलेल्या डोळ्यांवरून. माझ्या मावसभावाला, वय ३९, पाच-सहा ठिकाणी कांदेपोहे झालेले, हा सिनेमा पाचपाखाडीच्या घरी लॅपटॉपवर दाखवला तेव्हा त्याने इथे जरा थांबव म्हटलं, गॅलरीत जाऊन उभा राहिला, दोन मिनिटांनी आत येऊन म्हणाला लाव पुढे. शेवटीही बूथच आहे, फोन मात्र क्लाराला, आणि तेव्हा अँजीच्या तोंडावर बूथचं दार ओढून घेणारा मार्टी बघताना तो इतका खूश झाला की तो सीन आम्ही परत लावला.

पुरस्कार : चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, पटकथा अशी चार ऑस्कर. फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात १९५५ ला सर्वोच्च बक्षिसाला पाम डिऑर हे नाव पहिल्यांदा आलं, त्या नावाचं पहिलं बक्षीस यालाच.

१९५६ च्या डिसेंबरात ट्वेंटी वन या अमेरिकन टीव्ही क्विझमध्ये हर्बर्ट स्टेम्पेलला बेस्ट पिक्चरचा प्रश्न आला, उत्तर मार्टी होतं. निर्मात्यांनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे त्याला मुद्दाम ऑन द वॉटरफ्रंट असं चुकीचं उत्तर द्यावं लागलं. पुढे तो घोटाळा बाहेर आला. मार्टी स्टेम्पेलचा आवडता सिनेमा होता.