थर्मोस्टॅट ४२ वर टाकला म्हणून पेटी लवकर तापत नाही

लाइट जाऊन आली, अंडी उबवायची पेटी थंडी पडली, तर थर्मोस्टॅट ४२ वर टाका, लवकर तापते, असा मेसेज लय दिवसापासून फिरून राहिला. तसं नाही होत भाऊ. आपला साधा थर्मोस्टॅट फक्त बल्ब चालू-बंद करते, ६० वॅटचा बल्ब सेटिंग ३७.५ अंश (अंडी उबवायला लागते तेवढं) असो का ४२, उष्णता तेवढीच देते, फरक इतकाच की ४२ वर तो ३७.५ ला थांबत नाही, तापतच राह्यते आन् अंड्यातलं पिल्लू मरते (थोड्या थंडीपेक्षा जास्त गरमीच घातक). पाहाचं असन तर रिकाम्या पेटीत दोन्ही सेटिंगवर ३० पासून ३७ व्हायला किती मिनिटं लागते ते घड्याळ लावून पाहा, जवळपास सारखंच येईन. प्रोब (थर्मोस्टॅटचा तापमान मोजणारा सेन्सर) मात्र अंड्यांच्या उंचीवर ठेवा, बल्बजवळ नको.