कायमनिधी

ज्या रकमेचे मुद्दल मोडायचे नाही आणि केवळ व्याज खर्चायचे, अशी संस्थेची ठेव. वाचनालय, वसतिगृह, छोटा न्यास यांच्या ताळेबंदात डाव्या बाजूची पहिली नोंद बहुधा हिचीच असते.

प्राचीन लेखांत हिला ‘अक्षयनीवि’ म्हटले आहे. ‘नीवी’ म्हणजे वस्त्राची कमरेची गाठ. कौटिलीय अर्थशास्त्रात मात्र खर्च वजा जाता उरलेली शिल्लक. मराठीतील ‘गाठीला पैसा’ हा प्रयोग पाहता दोन्ही अर्थ एकाच मुळातले असावेत.

महाराष्ट्रातील बोलके उदाहरण नाशिकच्या पांडवलेण्यांतील १० क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात आहे. क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण (तत्कालीन नाणी) गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवले. पैकी २,००० वर दरमहा दरशेकडा १, तर १,००० वर पाऊण असा दर ठरला. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते आणि वर्षावासातील (पावसाळ्यातील मुक्कामातील) २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे होते. हिशेब तंतोतंत जुळतो. मुद्दल परत करायचे नाही, हेही लेखात स्पष्ट आहे, आणि व्यवहार निगमसभेत (नगरसभेत) ऐकवून नोंदवलेला आहे. दुसऱ्या ठेवीचे ९० कार्षापण ‘कुशणमूल’ यासाठी होते. हा शब्द वादग्रस्त असून काहींनी त्याचा संबंध कुषाणांच्या नाण्याशी जोडला आहे. किरकोळ खर्चाची रक्कम हा अर्थ संदर्भाला अधिक जुळतो. लेखातील ४२ वे वर्ष शक संवताचे मानल्यास काळ इ. स. १२० च्या सुमारास येतो. ते नहपानाचे राज्यवर्ष धरणारे अभ्यासक तो पहिल्या शतकात नेतात. हा पक्ष आता अधिक ग्राह्य वाटतो.

महाराष्ट्रात अशा न्यासांची नोंदणी व हिशेबतपासणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानुसार होते. देणगी कायमनिधीसाठीच आहे, असे देणगीदाराने लेखी कळवावे लागते. तसे नसल्यास ती चालू उत्पन्नात धरली जाते, आणि करसवलतीसाठी त्या उत्पन्नाचा सर्वसाधारणपणे ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्चावा लागतो. पावतीवरची ही एक ओळ लहान संस्थेला फार मोलाची असते.

निधीची खरी झीज महागाईने होते. १ लाखाच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी ७,००० रुपये येतात. दर तोच राहिला तर वीस वर्षांनीही तेवढेच. तोवर ग्रंथपालाचे मानधन आणि वीजबिल मात्र वाढलेले असते. म्हणून व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवणे इष्ट. पगार अडला की निधीतून तात्पुरती उचल केली जाते. ती पुढील ताळेबंदांत ‘येणे’ म्हणून वर्षानुवर्षे पुढे ओढलेली दिसू लागली, तर संस्था अडचणीत असल्याचे ते पहिले लक्षण समजावे.