जर्मनी–पोलंड जकातयुद्ध

जर्मनी व पोलंड यांच्यात १९२५ ते १९३४ या काळात चाललेला व्यापारी संघर्ष. व्हर्सायच्या तहानंतर जर्मनीच्या पूर्वेकडचा बराच मुलूख पोलंडकडे गेला. ही सीमा बर्लिनमधल्या एकाही सरकारने मनापासून मानली नाही. व्यापार मात्र जुन्याच वाटांनी चालू राहिला. १९२४ मध्ये पोलंडच्या निर्यातीतला चाळीस टक्क्यांहून अधिक माल जर्मनीतच जात होता.

ठिणगी पडली ती कोळशावरून. १९२२ मध्ये अपर सायलीशिया या कोळशाच्या खाणींच्या प्रदेशाची जर्मनी व पोलंड यांच्यात फाळणी झाली, तेव्हा पोलंडकडे गेलेल्या खाणींचा कोळसा तीन वर्षे जर्मनीने विनाजकात घ्यावा, असे ठरले होते. जून १९२५ मध्ये ही मुदत संपताच जर्मनीने तो घेणे थांबवले. गंमत अशी की, यांतल्या कित्येक खाणींत भांडवल जर्मनच होते. पोलंडने जर्मन मालावर बंदी घातली, जर्मनीने जकात चढवली. झ्लॉटी हे पोलंडचे नवे चलन कोसळले आणि नोव्हेंबरात पंतप्रधान ग्राब्स्की यांना पायउतार व्हावे लागले. आर्थिकदृष्ट्या टेकीला आलेला पोलंड सीमेच्या प्रश्नावर नमेल, असा जर्मन परराष्ट्रमंत्री श्ट्रेसेमान यांचा हिशेब होता.

तो चुकला. १९२६ मध्ये ब्रिटनच्या खाणकामगारांचा दीर्घ संप झाला आणि स्कँडिनेव्हियाची बाजारपेठ पोलिश कोळशासाठी मोकळी झाली. बाल्टिक किनाऱ्यावर ग्डिनिया येथे पोलंडने स्वतःचे बंदर उभारायला आधीच सुरुवात केली होती. त्या कामाला आता खरी निकड आली. सायलीशियाच्या खाणी या बंदराला जोडणारा लोहमार्ग फ्रेंच भांडवलाच्या मदतीने १९३३ मध्ये पूर्ण झाला. जर्मनीला वगळून जगायची सवय पोलंडला लावली ती या जकातयुद्धानेच.

वाटाघाटी खंडित होत आणि पुन्हा सुरू होत. पोलंडमध्ये स्थायिक होण्याचा जर्मन नागरिकांचा हक्क, जर्मनीने घ्यायच्या पोलिश कोळशाचा कोटा आणि पोलिश डुकरांची आयात हे त्यांतले अडसर होते. डुकरांचा प्रश्न किरकोळ वाटला, तरी जर्मनीतले पूर्वेकडचे जमीनदार त्यावरून सरकारला नाकी नऊ आणत. मार्च १९३० मध्ये करारावर सह्या झाल्या. पोलंडने त्याला मान्यता दिली, जर्मनीने कधीच दिली नाही.

कोंडी फोडली ती हिटलरने, आणि तीही राजकीय कारणासाठी. जानेवारी १९३४ मध्ये अनाक्रमणाची घोषणा झाली व मार्चमध्ये जकातयुद्ध आवरते घेण्यात आले. रीतसर व्यापारकरार नोव्हेंबर १९३५ मध्ये झाला. तोही जितका माल घ्यायचा तितकाच द्यायचा, या तत्त्वावर.