स्प्रूस : जातींची ओळख

स्प्रूस हे पाइनेसी कुलातील पिसिया प्रजातीचे सदाहरित सूचिपर्णी वृक्ष आहेत. त्यांच्या सुमारे 35 जाती उत्तर गोलार्धाच्या थंड पट्ट्यात आणि उंच डोंगरांवर आढळतात. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. झाडाचा आकार आणि रंग यांवर विसंबले तर ओळख हमखास चुकते. जात ठरते ती डहाळी, सुई आणि शंकू (बिया असलेले खवलेदार बोंड) एकत्र पाहून.

आधी झाड स्प्रूसच आहे ना, हे पाहावे. चिडाच्या (पाइनच्या) सुया जुडीने येतात, देवदाराच्या आखूड फांद्यांवर झुबक्याने. स्प्रूसची सुई एकेकटी असते आणि लाकडी खुंटीवर बसते. सुया झडल्यावर या खुंट्या तशाच राहतात, त्यामुळे वाळकी डहाळी कानशीसारखी खरखरीत लागते. फर या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाची सुई गळाली की गोल, सपाट वण उरतो. फरचे शंकू फांदीवर ताठ उभे राहतात आणि झाडावरच विखरून पडतात. स्प्रूसचे खाली लोंबतात आणि अखंड गळतात. (महाराष्ट्रातल्या रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून जे कुंडीत मिळते ते बहुधा ॲरॉकेरिया असते, त्याचे कुलच वेगळे.)

मग सुई चिमटीत धरून फिरवावी. बहुतेक जातींची सुई चौधारी असल्याने बोटांत सहज लोळते. सिटका, सर्बियन आणि सिक्कीम-भूतानकडील पिसिया स्पिनुलोसा यांची सुई चपटी असते. ती लोळत नाही आणि तिच्या एकाच बाजूला रंध्रांचे (बारीक श्वासछिद्रांचे) पांढुरके पट्टे दिसतात. ही परीक्षा उन्हातल्या फांदीवर करावी, कारण सावलीतल्या सुया मुळातच थोड्या चपट्या होतात.

त्यानंतर दहापट भिंगाखाली चालू वर्षाची डहाळी पाहावी. तिच्यावर लव आहे की नाही, यावरून सारख्या दिसणाऱ्या जातींच्या बऱ्याच जोड्या वेगळ्या ओळखता येतात. जुन्या डहाळीवरची लव झिजून जाते. तिच्यावरून ‘लव नाही’ असे म्हणणे धोक्याचे. शंकू मात्र पिकलेला हवा. शक्य तर मिटलेला असतानाच मोजावा, कारण वाळून खवले उघडले की त्याची रुंदी फसवते.

भारतात सर्वाधिक भेटतो तो पश्चिम हिमालयातला राई किंवा मोरिंडा, पिसिया स्मिथियाना. त्याची सुई 3 ते 5 सेंमी. लांब असते. इतकी लांब सुई दुसऱ्या स्प्रूसला क्वचितच मिळेल. डहाळ्या लव नसलेल्या आणि खाली लोंबणाऱ्या, शंकू 10 ते 15 सेंमी.चे व खवल्यांची कड गोल. युरोपातल्या नॉर्वे स्प्रूसचा शंकूही एवढाच मोठा असतो, पण सुई जेमतेम 1 ते 2.5 सेंमी. आणि खवल्याचे टोक निमुळते.

खरी कसोटी उत्तर अमेरिकेत लागते. पांढऱ्या स्प्रूसच्या डहाळीवर लव नसते; शंकू 3 ते 6 सेंमी. लांब, खवले पातळ, लवचिक आणि गुळगुळीत कडेचे. सुया चुरगळल्या की मांजराच्या मुतासारखा दर्प येतो, त्यावरून त्याला ‘कॅट स्प्रूस’ असेही म्हणतात. काळ्या व तांबड्या स्प्रूसच्या डहाळ्या लवदार. काळ्याचे शंकू 1.5 ते 3.5 सेंमी.चे, अंडाकृती, खवल्यांची कड कुरतडल्यासारखी. ते गळत नाहीत, शेंड्याकडे वर्षानुवर्षे घोसाने चिकटून राहतात. तांबड्याचे शंकू थोडे मोठे असून लवकर गळतात, आणि त्याच्या सुया पिवळसर हिरव्या, चकचकीत असतात. काळा दलदलीत दिसतो, पण एवढ्यावरून नाव देऊ नये.

अमेरिकेत घरोघरी अंगणात लावलेला कोलोरॅडो निळा स्प्रूस निळाईवरून ओळखला जातो. ती निळाई म्हणजे सुईवरचा मेणाचा थर. तो झिजला की जुनी सुई हिरवी दिसते. शिवाय जंगलातली बरीच झाडे निळी नसतातच, आणि पांढऱ्या व एंगलमन स्प्रूसचीही निळसर झाडे असतात. म्हणून एंगलमनपासून वेगळा करायला डहाळी आणि शंकूच पाहावेत : निळ्याची डहाळी लव नसलेली, सुया ताठ व बोचऱ्या, शंकू 6 ते 11 सेंमी.; एंगलमनच्या डहाळीवर बारीक लव, सुया मऊसर, शंकू बहुधा 7 सेंमी.च्या आत.

नवख्यांना फसवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे फांदीवरच्या अननसासारख्या छोट्या गाठी. त्या शंकू नव्हेत. ॲडेल्जिड कीटकांमुळे झालेली ती गाठ असते आणि तिच्यातून सुयांची टोके बाहेर आलेली दिसतात. नमुना नेतानाही काळजी घ्यावी, कारण डहाळी सुकली की सुया भराभर झडतात. सुईची लांबी, रंग आणि मांडणी यांची नोंद झाडाखालीच करावी. लव आणि खुंट्या नंतर पाहता येतात.

काही झाडांना एक नाव देताच येत नाही. पूर्व कॅनडात तांबडा व काळा यांचा, तर ब्रिटिश कोलंबियात पांढरा व एंगलमन यांचा संकर सर्रास होतो, आणि शंकूच्या खवल्यांपासून लवेपर्यंत सगळे मधलेच निघते. ब्रिटिश कोलंबियातले वनकर्मी तिथल्या अशा झाडाला सरळ ‘इंटीरियर स्प्रूस’ म्हणून मोकळे होतात.