सहा सेकंदांची खुंटी

नाटकाचं मध्यंतर, पंधरा मिनिटांचं. बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग दाराबाहेर येऊन जिन्याला लागलेली आणि मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. बाजूच्या दारातून पुरुष आत जात होते आणि ओले हात झटकत लगेच बाहेर येत होते. त्यातला एक जण सोबतच्याला म्हणाला, “आत आरसा लावलाय ना, मग लागणारच वेळ.” दोघं हसले. रांगेतल्याही दोघीतिघी हसल्या. मला हसू आलं नाही, कारण मी रांगांचं गणित शिकलेली बाई आहे आणि त्या पायरीवर उभ्या उभ्या गणित करण्यापलीकडे मला दुसरं काही काम नव्हतं.

आधी आरशाचा आरोप निकालात काढू. रांग कशासाठी लागते? संडासाच्या कप्प्यासाठी. आरशासमोर उभी असलेली बाई कप्प्यातून बाहेर आलेली असते, तिचं भांडं रिकामं झालेलं असतं आणि तिथे पुढची बाई शिरलेलीही असते. ती आरशासमोर दोन मिनिटं उभी राहो नाहीतर वीस, बाहेरची रांग एका माणसानंही वाढत नाही. तिकीट घेऊन झाल्यावर खिडकीपासून लांब उभं राहून कुणी सुटे पैसे मोजत बसला तर तिकिटाची रांग अडते का? तसंच हे. रांग अडते ती खिडकीवर, आणि इथली खिडकी म्हणजे आतून कडी लागलेलं दार.

मग त्या दाराआड वेळ कुठे जातो ते पाहू. दार ओढायचं, कडी लावायची, ती नीट बसत नाही म्हणून पुन्हा लावायची. पर्स अडकवायला खुंटी शोधायची. खुंटीच्या जागी स्क्रूची दोन भोकं असतात. जमीन ओली, म्हणून पर्स खाली ठेवता येत नाही. मग ती गळ्यात घालायची किंवा पट्टा दातांत धरायचा. कपडे सावरायचे, बसायचं, पाळी असेल तर पॅड बदलायचं, सोबत लहान मूल असेल तर त्याचंही उरकायचं. मुतारीसमोरच्या पुरुषाला ना दार, ना कडी, ना बसणं. वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये बायकांना लागणारा वेळ पुरुषांच्या साधारण दीडपट ते दुप्पट भरतो. यात नटण्यामुरडण्याचा भाग नाही.

“बरं, दीडपट वेळ लागतो, तर रांगही दीडपट असेल,” असं कुणालाही वाटेल. इथेच आपली अंतःप्रेरणा सपशेल आपटते, आणि माझ्या आवडीचा भाग इथूनच सुरू होतो.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नर क्रारुप एरलांग नावाचा गणितज्ञ होता. फोन करणाऱ्यांना फार खोळंबावं लागू नये म्हणून तारा किती टाकायच्या, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. १९०९ मध्ये त्याचा या विषयावरचा पहिला निबंध आला आणि १९१७ मध्ये थांबण्याच्या वेळेचं सूत्र. फोनच्या तारेऐवजी संडासाचं भांडं ठेवलं तरी सूत्राला काही फरक पडत नाही. गणिताला लाज नसते, हा त्याचा मोठा गुण.

आकडे घेऊ. दर मिनिटाला सरासरी ५ बायका आणि ५ पुरुष येतात, कसेही, ठरवून नव्हे. बाईला सरासरी ९० सेकंद लागतात, पुरुषाला ६०. दोन्हीकडे जागा समान, म्हणजे अगदी चौरस फुटांत मोजून सारखी. पण मुतारीला कप्प्याहून कमी जागा लागते, त्यामुळे तेवढ्याच जागेत बायकांकडे ८ भांडी बसली आणि पुरुषांकडे १०.

आता ‘भार’ काढायचा. मिनिटाला ५ बायका गुणिले दीड मिनिट, म्हणजे ७.५. याचा अर्थ कुठल्याही क्षणी सरासरी साडेसात भांडी व्यापलेली. या एककाला एरलांग म्हणतात. पुरुषांचा भार ५. बायकांकडे ८ भांड्यांवर साडेसातचा भार, पुरुषांकडे १० भांड्यांवर पाचचा. पुरुषांची सरासरी निम्मी भांडी रिकामी, बायकांचं जेमतेम अर्धं.

एरलांगच्या सूत्रात थांबण्याची सरासरी वेळ अशी निघते: आल्यावर थांबावं लागण्याची शक्यता गुणिले एकीला लागणारा वेळ, भागिले भांडी उणे भार. सगळी गंमत त्या भाजकात आहे. बायकांकडे तो ८ उणे ७.५ म्हणजे ०.५, आणि अपूर्णांकानं भागलं की उत्तर फुगतं. शक्यता निघते ८१ टक्के, आणि थांबण्याची वेळ सुमारे १४५ सेकंद. पुरुषांची? अर्धा सेकंदसुद्धा नाही. वेळेत दीडपटीचा फरक, भांड्यांत दोनाचा, आणि खोळंब्यात तीनशे पटींहून जास्त!

रांग किती लांब असेल तेही याच आकड्यांतून निघतं. मिनिटाला येणाऱ्या बायका गुणिले प्रत्येकीचा खोळंबा, म्हणजे ५ गुणिले सुमारे २.४ मिनिटं: १२ जणी. याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटलनं तो १९६१ मध्ये सिद्ध केला. पुरुषांच्या रांगेत याच हिशेबानं सरासरी ०.०४ माणूस उभा असतो, म्हणजे बहुतेक वेळा कुणीच नाही.

आता बायकांकडे फक्त एक भांडं वाढवा. भाजक ०.५ वरून १.५ वर जातो, थांबावं लागण्याची शक्यताही ८१ वरून ५१ टक्क्यांवर येते, आणि खोळंबा १४५ सेकंदांवरून ३१ वर. दहावं भांडं दिलं तर ११ सेकंद. अकरावं दिलं तर साडेचार. पहिल्या जादा भांड्यानं जवळजवळ दोन मिनिटं वाचवली, तिसऱ्यानं साडेसहा सेकंद. म्हणून “अजून किती वाढवायचं, यांचं समाधानच होत नाही” ही तक्रार गणितात बसत नाही. एका ठरावीक आकड्यानंतर खरोखरच भागतं.

आणि ती खुंटी. समजा ती नसल्यामुळे प्रत्येकीला ६ सेकंद जास्त लागतात. ९० चे झाले ९६ सेकंद, म्हणजे १.६ मिनिटं. भार झाला बरोबर ८, भांडीही ८, भाजक शून्य. शून्यानं भागलं की काय होतं ते शाळेत शिकलोय: रांग कधीच स्थिरावत नाही, लोक येत राहतील तोवर वाढत राहते. उलट चांगली खुंटी, नीट बसणारी कडी आणि पर्स ठेवायला छोटी फळी दिली आणि ६ सेकंद वाचले, म्हणजे ८४ सेकंदांवर आलो, तर खोळंबा १४५ वरून ५३ सेकंदांवर येतो. नवं भांडं नाही, नवी भिंत नाही. भिंतीत दोन स्क्रू.

(ज्यांनी मघाचे तीन-चार परिच्छेद नुसते नजरेखालून घातले त्यांना दोष देत नाही. हॉल भरत आला की शेवटची थोडीशी गर्दीच सगळं बिघडवते, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.)

हे सूत्र सतत, संथ येणाऱ्या गर्दीचं आहे. मध्यंतरात सगळे एकदम उठतात, तेव्हा तर साधा गुणाकार पुरतो. १०० बायका उठल्या, ८ भांडी, प्रत्येकीला दीड मिनिट: १५ मिनिटांत ८० जणींचं आटोपतं. तिसरी घंटा होते तेव्हा २० जणी अजून रांगेत. १०० पुरुषांचं १० भांड्यांवर १० मिनिटांत उरकतं आणि वर चहा पिऊन होतो.

इतका वेळ मी स्त्रीवाद हा शब्द काढला नाही. पण वास्तुरचनेतल्या स्त्रीवादाचा गाभा याच हिशेबात आहे. ‘दोघांना सारखी जागा’ हे ऐकायला न्यायाचं वाटतं. स्त्रीवादी वास्तुरचनाकार विचारतात: सारखं काय मोजलंत? चौरस फूट, भांडी की खोळंबा? या तिघांपैकी एकच गोष्ट सारखी ठेवता येते, आणि कुठली ठेवायची हे गणित ठरवत नाही, नकाशा काढणारा ठरवतो. तो नकाशा काढणारा शतकानुशतकं कधी रांगेत उभाच राहिला नव्हता. मोजपट्टीही त्याच्याच अंगाची. वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिएनं इमारतींच्या मापांसाठी जो आदर्श माणूस काढला त्याची उंची आधी १.७५ मीटर होती, मग १.८३ झाली, कारण काय, तर इंग्रजी रहस्यकथांमधले देखणे पुरुष, पोलीस वगैरे, सहा फुटी असतात! त्याच्या कितीतरी इमारतींमागे ही मोजपट्टी आहे. यापेक्षा ज्योतिष परवडलं.

बायकांसाठी स्वच्छतागृह असावं की नाही, यावरच एकेकाळी लढाया झाल्या. १९०० च्या सुमारास नाटककार बर्नार्ड शॉ लंडनच्या सेंट पँक्रस भागातल्या स्थानिक मंडळावर होते. कॅम्डन भागात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधावं असा प्रस्ताव आला. विरोधकांनी रहदारीला अडथळा होईल असं म्हटलं, म्हणून जागेवर लाकडाचा सांगाडा उभा करून पाहिला. मग गाड्या हाकणारे त्यालाच धडका देऊ लागले. घराबाहेर किती वेळ राहता येईल हे बाईच्या मूत्राशयावर सोडलेलं असलं की तिच्या गळ्यात दिसत नाही असा दोर असतो. नोकरी, सभा, प्रवास, सगळं त्या दोराच्या लांबीएवढंच.

कायदे फार उशिरा आले. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं १९८० च्या दशकात सार्वजनिक इमारतींत बायकांकडे पुरेशी भांडी हवीत असा कायदा केला. न्यूयॉर्क शहरानं २००५ मध्ये नव्या सभागृहांसारख्या जागी बायकांकडे दुप्पट भांडी हवीत असं ठरवलं. आणि त्याच देशाच्या प्रतिनिधिगृहातल्या स्त्री सदस्यांना सभागृहाला लागून स्वच्छतागृह मिळालं २०११ मध्ये. कायदे करणाऱ्या बायकांनाच मतदान सुरू असताना लांबवर चालत जावं लागायचं, म्हणजे बाकीच्यांनी काय अपेक्षा करावी?

भांडी वाढवण्याशिवाय आणखी एक उपाय आहे, आणि तो रांगांचं गणित करणाऱ्यांचा लाडका आहे: रांगा एकत्र करा. वरच्याच उदाहरणात दोन्हीकडची जागा मिळून १६ सामाईक कप्पे केले, कुणीही कुठेही जावं, तर सगळ्यांचा सरासरी खोळंबा जेमतेम ६ सेकंद येतो. बायकांचे १४५ गेले. पुरुषांचे साडेपाच सेकंद वाढले. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये असाच हिशेब बारकाईनं मांडला आणि त्यांनाही सामाईक कप्पे सरस दिसले. पण इथे स्त्रीवादी मंडळींमध्येच दुफळी आहे. जमिनीपासून छतापर्यंत भिंत नसेल, बाहेरची जागा उघडी आणि उजेडाची नसेल, तर सामाईक कप्प्यांची धास्ती वाटते असं अनेकजणी म्हणतात, आणि ती भीती सूत्रात कुठे घालायची हे एरलांगला माहीत नव्हतं. मला विचाराल तर भिंती पूर्ण उंच बांधा आणि रांग एक करा. पण रात्री साडेअकराला तिथे एकटीनं जाणाऱ्या बाईला माझं सूत्र दाखवायला मी जाणार नाही.

शिवाय एकत्र करणं सगळीकडे चांगलं नसतं. व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात लक्षात आलं की साधारण दहाव्या वर्षानंतर मुली बागांमध्ये दिसेनाशा होतात, मुलगे मात्र तिथेच असतात. बागेत मधोमध एक मोठं मोकळं मैदान असायचं. एक मोठं मैदान म्हणजे रांगेच्या भाषेत एकच खिडकी: आधी आलेला गट ती अख्खी अडवतो आणि संध्याकाळभर सोडत नाही. तिथल्या मार्गारेटन भागात १९९९ मध्ये दोन बागा नव्यानं रचल्या. मोठी मैदानं झाडाझुडपांनी तोडून लहान केली, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनच्या जागा केल्या, पायवाटा वाढवल्या. मुली परत आल्या. संडासात कप्पे जोडायचे आणि बागेत मैदान तोडायचं, दोन्हीकडे हिशेब एकच: एका गटाच्या ताब्यात सगळ्या खिडक्या जाता कामा नयेत.

हल्ली ‘स्त्रीस्नेही’ अशी पाटी लावून भिंतीला गुलाबी रंग देण्याची टूम आहे. सोबत एखादं ॲप. गुलाबी रंगानं भाजक बदलत नाही.

लंडनमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘मॅट्रिक्स’ नावाचा स्त्री वास्तुरचनाकारांचा गट होता. इमारत वापरणाऱ्या बायकांना त्या आधी नकाशा वाचायला शिकवत आणि मग त्यांच्याबरोबर बसून आराखडा करत. मीही ते शिकत असते. मध्यंतरी एका नव्या सभागृहाचा नकाशा बघायला मिळाला. बायकांच्या स्वच्छतागृहात आरशांची रुंदी, उंची, कडेच्या दिव्यांची जागा, सगळं मिलिमीटरमध्ये दिलेलं. कप्प्यांच्या दारांवर काहीच नाही. खुंटी कुठे आहे विचारलं, तर नकाशा काढणारा म्हणाला, “ती नंतर बसवतात ना, मॅडम.”