पेशीच्या सांगाड्याच्या संचातील ‘उरलेल्या तुकड्यां’विषयी ग्राहकांसाठी माहिती

सप्रेम नमस्कार. चंद्रपूर जिल्ह्याच्या मूल तालुक्यातील आमच्या बांबू कार्यशाळेतून सूक्ष्मनलिकांचा, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातील अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांच्या प्रतिकृतीचा, संच मागवणाऱ्या कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांकडून दरवर्षी एकच विचारणा होते : नळ्या जोडून झाल्या, पण निळ्या आणि हिरव्या तुकड्यांच्या दोन पुड्या उरल्या, त्या चुकून आल्या आहेत काय? त्या चुकून आलेल्या नाहीत. संचाचे सार त्या पुड्यांतच आहे.

आपल्याकडे सहा नळ्या येतात. प्रत्येक नळी 13 कामट्यांची आहे, कारण बहुतेक पेशींतील सूक्ष्मनलिका ट्युब्युलिन या प्रथिनाच्या 13 तंतूंची बनलेली असते. कामटीवरील फिकट व गडद पट्टे म्हणजे जोडीने राहणारे त्याचे दोन प्रकार, अल्फा आणि बीटा ट्युब्युलिन. सुमारे 25 नॅनोमीटर व्यासाची नलिका आम्ही 5 सेंटीमीटरची केली आहे, म्हणजे 1 नॅनोमीटरला 2 मिलिमीटर असे माप धरले आहे. नळ्या आखूड का, असे काही शिक्षक विचारतात. 10 मायक्रोमीटरची एक नलिका या मापात 20 मीटर लांब होईल आणि कोणत्याही प्रयोगशाळेत मावणार नाही.

आता मूळ चूक. पुड्या बाजूला ठेवून नळ्यांची मोळी सुतळीने किंवा रबराने बांधली जाते. ती दोन दिवसांत सैल पडते, मग ‘संच सदोष आहे’ असे लिहून सगळे एसटीच्या पार्सलने परत येते, आणि तपासून पुन्हा पाठवण्यात आपले आणि आमचे दोन आठवडे जातात. मागील हंगामात एका महाविद्यालयाने विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी अशी मोळी बांधली होती. प्रदर्शनात ती उभी राहिली नाही याचे आम्हाला मनापासून वाईट वाटले, कारण त्यांची पुडी सीलबंदच होती.

मांडवाचे बांबू सगळीकडे सारखेच असतात. मांडव लग्नाचा की दुकानापुढच्या सावलीचा, हे कोणता बांबू कोठे आणि किती अंतरावर बांधला यावरून ठरते. पेशीतही तसेच घडते. चेतापेशीच्या अक्षतंतूत (संदेश बाहेर नेणाऱ्या लांब शाखेत) आणि वृक्षिकेत (संदेश घेणाऱ्या आखूड शाखेत) नलिका मूलतः ट्युब्युलिनच्याच असतात, परंतु त्यांना धरून ठेवणारी प्रथिने वेगळी असतात. अक्षतंतूत मुख्यतः टाऊ हे प्रथिन असते, जे 1975 मध्ये प्रथम वर्णिले गेले. वृक्षिकेत एमएपी-2 असते. दोन्ही प्रथिने एका बाजूने नलिकेच्या भिंतीला चिकटतात आणि दुसरी बाजू बाहेर काढून शेजारच्या नलिकेला ठरावीक अंतरावर ठेवतात. एमएपी-2 ची बाहेर आलेली भुजा लांब असल्याने तिच्या जुडग्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत सुमारे 65 नॅनोमीटर अंतर राहते, तर टाऊच्या जुडग्यात सुमारे 20. म्हणून टाऊचा निळा तुकडा 4 सेंटीमीटरचा आणि एमएपी-2 चा हिरवा 13 सेंटीमीटरचा आहे. काचेच्या कपाटात बसावा म्हणून हिरवा तुकडा कृपया कापू नये. तो कापला की वृक्षिकेची रचना नाहीशी होते आणि उरतो तो केवळ बांबू.

तुकडे कायमचे चिकटवून का देत नाही, अशी तक्रारही येते. गोंद लावणे आमच्या कारागिरांना मुळीच अवघड नाही; बुरडकामात त्यांच्या दोन पिढ्या गेल्या आहेत. परंतु पेशीत ही पकड सुटणारी असते. टाऊवर फॉस्फेट चढला की त्याची नलिकेवरील पकड सैल होते. अल्झायमरच्या आजारात फॉस्फेटने लदलेल्या टाऊच्याच गुठळ्या चेतापेशीत साचलेल्या आढळतात. निळ्या तुकड्यातील छिद्रांत लाल खुंट्या घातल्यावर तो नळीवरून निसटतो, ही त्याची खोट नसून विद्यार्थ्यांना हेच दाखवता यावे म्हणून तशी केलेली घडण आहे.

नळीच्या एका टोकाला पांढरा रंग आहे, ते प्लस टोक, म्हणजे नलिकेचे जलद वाढणारे टोक. अक्षतंतू मांडताना सर्व पांढरी टोके पेशीदेहापासून दूर असावीत. सस्तन प्राण्यांच्या वृक्षिकेत मात्र ती दोन्ही दिशांना असतात. पिवळी टोपी ईबी-1 ची आहे आणि ती वाढत्या टोकावरच बसवावी, कारण हे प्रथिन वाढत्या टोकाशी गोळा होते आणि मागे पडलेल्या भागावरून सुटते. चिमट्यासारखा तुकडा कॅटानिनचा आहे, जे नलिका मध्येच तोडते. दोन मणी धरून ठेवणारी पकड स्टॅथमिनची आहे. हे प्रथिन ट्युब्युलिनच्या दोन जोड्या अडकवून ठेवते, त्यामुळे नलिका बांधायला माल कमी पडतो. बांधणारी आणि मोडणारी प्रथिने एकाच पेशीत असल्यामुळेच सांगाडा गरजेनुसार बदलत राहतो, असे आम्हाला हा संच तयार करताना नीट उमगले.

सर्व बांबू बोरिक-बोरॅक्सच्या द्रावणात मुरवलेला असल्याने त्याला घुण लागत नाही. फक्त पावसाळ्यात संच ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. पुडी हरवली असल्यास पूर्ण संच परत पाठवण्याची गरज नाही. पेटीच्या तळाचा क्रमांक कळवावा, म्हणजे त्याच मापाची पुडी वेगळी पाठवता येईल. पेशीविभाजनाच्या तर्कूचा (गुणसूत्रे वेगळी करणाऱ्या नलिकांच्या रचनेचा) संचही आता तयार आहे, आणि त्यातील विरुद्ध दिशांच्या नळ्यांना जोडणारे पीआरसी-1 या प्रथिनाचे तुकडे याच नळ्यांना बसत असल्याने, ज्यांच्याकडे हा संच आहे त्यांना नळ्या नव्याने घ्याव्या लागणार नाहीत.