चक्की जोरात फिरवायची, तर कुठली पुली बदलायची?

इंदूरच्या मराठी घरांत रविवारी दाल-बाफल्यांचा बेत ठरला, की शनिवारीच गव्हाचा डबा चक्कीवर पोचतो. पीठ रवाळ हवं, ही ताकीद सोबत असतेच. डब्यांची रांग लागली की चक्कीवाल्याला वाटतं, दगड जरा जोरात फिरवावा.

हिशेब सोपा आहे. एक पुली मोटरवर, एक चक्कीवर, आणि दोघींवरून फिरणारा पट्टा. पट्टा दोन्ही पुल्यांवरून सारख्याच लांबीने सरकतो, म्हणून व्यास गुणिले फेरे हा आकडा दोन्हीकडे सारखा येतो. चार पोलची, म्हणजे चार चुंबकी ध्रुवांची मोटर मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते. तिच्यावर ४ इंची पुली आणि चक्कीवर १० इंची असेल, तर दगड ५७६ फेरे घेणार. पट्टा थोडा घसरतो, तेवढे एक-दोन टक्के कमी धरा.

आता ७२० फेरे हवेत. मोटरची पुली ५ इंची करा किंवा चक्कीची ८ इंची, उत्तर तेच. मग स्वस्त पडेल ती बदलावी?

नाही, मोटरचीच बदलावी. ४ इंची पुलीवर पट्टा सेकंदाला सुमारे ७.७ मीटर धावतो, ५ इंचीवर ९.६. शक्ती म्हणजे ओढ गुणिले वेग; वेग वाढला की तेवढ्याच कामाला ओढ कमी लागते. शिवाय लहान पुलीवर पट्टा फार वाकतो, तापतो, त्याला भेगा पडतात. बी सेक्शनच्या, म्हणजे बी मापाच्या, व्ही-पट्ट्याला (व्हीसारख्या निमुळत्या पट्ट्याला) किमान १२५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास ५ इंची पुली लागते, असं कोष्टकंच सांगतात. ४ इंचीवर तो मुळातच हाल सोसत असतो.

पुलीच्या खाचेतही एकदा डोकावून बघा. व्ही-पट्टा पकड घेतो तो बाजूंनी. झिजून तो तळाला टेकला आणि तळ चकाकू लागला, की कितीही ताणा, घसरणारच. वर बेअरिंग जातं ते वेगळंच.

फेरे पाव पटीने वाढले की मोटरवरचा भारही निदान तेवढा वाढतो. ५ हॉर्सपॉवरचं काम सव्वासहावर जातं, आणि दगड तापून पीठही गरम पडतं. ५ हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटर पूर्ण भाराला साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. पुली आणण्याआधी चालू चक्कीच्या एका वायरला टाँग टेस्टर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा, लावा. काटा आताच सातावर असेल, तर आधी मोटर मोठी घ्यावी लागेल.